इराचं डोकं बघताना

पनवेल, २४ जून १९९१

सौ. सत्यवतीताई यांना,

हे पत्र मी दिनानाथला न विचारता लिहिते आहे. उत्तर पाठवलंत तर बँकेच्या पत्त्यावर पाठवा, खाली दिला आहे. घरी आलं तर तो फाडून टाकणार नाही, तेवढा वाईट माझा भाऊ नाही. पण वाचून ठेवून देईल आणि मग आठवडाभर जेवताना बोलणार नाही, आणि त्या घरात आधीच बोलणं कमी आहे.

इरा बरी आहे. तिसरीचा वर्ग सुरू झाला. शाळा घरापासून जवळ आहे, सकाळी बँकेत जाताना मीच सोडते. वर्गात तिला शकू नावाची मैत्रीण मिळाली आहे, गाढी नदीच्या पलीकडच्या गावातून चालत येते. दोघी एका बाकावर बसतात. म्हणजे ती रमते आहे, असं मी दिनानाथला सांगते.

लिहायचं कारण साधं आहे. इरा भाताला हात लावत नाही. 'मावशीआई करते तसली आमटी' हवी म्हणते. मी चिंचगुळाची करून पाहिली, आमसुलाची करून पाहिली. दोन्ही वेळेला तिने एक घास खाल्ला आणि अगदी शहाण्यासारखं म्हणाली, "छान आहे, पण ती नाही." तुम्ही त्यात नक्की काय घालता ते कळवाल का?

आणखी एक. ती मला केसांना हात लावू देत नाही. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या आहेत, रोज सकाळी भांडण होतं. भांग वाकडा पडतो म्हणते. माझं लग्न झालं नाही, घरात लहान मूल कधी नव्हतं, त्यामुळे मला सरळ भांग पाडता येत नाही हे खरं आहे. शिकेन.

मे महिन्यातल्या त्या दिवसाविषयी मी काही लिहीत नाही. एवढंच म्हणते की चारुता गेल्यावर दोन वर्षं तुम्ही तुमच्या बहिणीच्या लेकीला पोटच्या पोरीसारखं सांभाळलंत, ते मी विसरलेले नाही. दिनानाथही विसरलेला नाही, तुमच्या ओट्यावर तसं दिसलं नाही तरी. माझी बदली ठाण्याहून पनवेलच्या शाखेत झाली नसती तर त्याच्या कारखान्यातल्या पाळ्या सांभाळून पोरीला इथे ठेवणं शक्यच नव्हतं आणि ती अजून तुमच्याकडेच असती. हे तुम्ही मनात माझ्या नावावर लिहून ठेवलं असेल. ठेवा.

तिचं डोकं आता स्वच्छ आहे. इथे आल्याबरोबर मेडिकलमधून औषध आणून लावलं होतं. तुम्हाला काळजी असेल म्हणून सांगितलं, दुसरा काही अर्थ काढू नका.

पद्मजा


पनवेल, ११ ऑगस्ट १९९१

सत्यवतीताई,

आमटीत भाजलेल्या खोबऱ्याबरोबर लसूण वाटायचा असतो हे मला सुचलं नसतं. तुमचं कार्ड आलं त्या दिवशीच केली. इराने दोनदा भात घेतला. नमस्काराची एक ओळही न घालता तुम्ही नुसती कृती लिहून पाठवलीत, त्याचं मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, कारण खोटा नमस्कार आला असता तर मला उत्तर लिहिता आलं नसतं.

आता खरं सांगते. इराचं काही ठीक नाही. आजारी म्हणावं असं नाही, तापबिप काही नाही. पण झोपत नाही. रात्रभर उशीवर डोकं इकडून तिकडे घासते. सकाळी चिडलेली उठते. वर्गात लक्ष नाही अशी बाईंची तक्रार आली. मान सारखी खाजवते, त्यामुळे मानेवर लाल चट्टे उठले आहेत, एक-दोन ठिकाणी खपली धरली आहे. मला वाटलं, पावसाळ्याचा घाम. दमट हवेत वेण्या घट्ट बांधल्या की असं होतं, असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या. कोंडाही दिसतो, पांढरा पांढरा, कानामागे जास्त. लिंबू लावून न्हाऊ घातलं, तेल कोमट करून लावलं. कोंडा काही जात नाही.

कानामागे वाटाण्याएवढी गाठ लागली तेव्हा मात्र मी घाबरले. चारुतालाही आधी काही दिसलं नव्हतं, मग एकदम कावीळ निघाली, हे मनात आलंच. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घसा पाहिला, गाठ दाबून पाहिली, म्हणाले सर्दीचं काही असेल, गोड औषध दिलं. डोक्याकडे त्यांनीही पाहिलं नाही, मीही दाखवलं नाही. दिनानाथ म्हणतो, आईची आठवण येत असेल. आईची म्हणजे कोणाची, हे मी त्याला विचारलं नाही.

एक गोष्ट चांगली झाली. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी कुकर लावत होते, तर ती आपण होऊन स्वयंपाकघरात आली. माझ्या पुढ्यात पाठ करून बसली आणि म्हणाली, "आत्या, माझं डोकं बघतेस?" इतके दिवस केसांना हात लावला की भांडणारी मुलगी. मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण कणीक हाताला चिकटली होती. मी म्हटलं, "आत्ताच रविवारी न्हालीस ना, काय बघायचंय, उद्या बघू." ती थोडा वेळ तशीच बसली आणि मग उठून गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात राहिलं नाही. पण जवळ आली हे महत्त्वाचं, नाही का.

तुम्हाला त्या कोंड्यावर काही घरगुती उपाय माहीत असेल तर लिहा. तुमच्याकडे असताना कधी झाला होता का?

पद्मजा


पनवेल, ५ सप्टेंबर १९९१

सत्यवतीताई,

कोंडा नव्हता.

तुमचं उत्तर यायच्या आतच कळलं. नाहीतर तुम्ही मला एका ओळीत सांगितलं असतं, आणि ते कार्ड बँकेत सगळ्यांच्या देखत वाचून माझी काय अवस्था झाली असती कोण जाणे.

सोमवारी सुनीताबाईंनी, म्हणजे इराच्या वर्गशिक्षिकेने, शाळा सुटल्यावर मला थांबवून घेतलं. बाकीच्या बायका जाईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग इराला जवळ घेऊन तिची एक वेणी वर उचलली, कानामागचा केस दोन बोटांत धरला आणि त्यावर हलकेच फुंकर मारली. "कोंडा असता तर उडाला असता," त्या म्हणाल्या. केसाच्या मुळाशी तिळाहून लहान पांढरट दाणा होता, चिकटवल्यासारखा. त्याच्या शेजारी दुसरा. मग त्यांनी मानेवरचे केस बाजूला केले, आणि मला हललेलं दिसलं.

मी पहिल्यांदा काय बोलले असेन? "आमच्या घरात असं काही नसतं." बाईंनी वेणी खाली सोडली. इरा माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, भीती नव्हती. ती वाट बघत होती. हे मला आज कळतं आहे. तेव्हा वाटलं, कोडगी झाली आहे.

घरी येऊन उन्हात बसवून पाहिलं. ताई, इतके दिवस मी या डोक्याला तेल लावत होते. मानेवर, कानामागे सगळं भरलेलं होतं. उशीच्या अभ्र्यावर काळे ठिपके असायचे, ते मी शाईचे समजून धुवायला टाकत होते. झोप नाही, चिडचिड, खपल्या, गाठ, सगळं एकाच गोष्टीचं सांगणं होतं, आणि मी एकेकाला वेगळं औषध देत बसले.

मग मला राग आला. आणि तो कोणावर काढायचा हेही ठरलेलंच होतं. शकूवर. एका बाकावर बसते, गावाकडची आहे, दुसरं कोण असणार. दुसऱ्या दिवशी बँकेतून लवकर निघून मी नदीपलीकडे तिच्या घरी गेले. तिची आई अंगणात होती. मी बरंच काही ठरवून गेले होते, पण ती बाई शकूलाच पुढ्यात घेऊन फणीने विंचरत बसली होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं की तुमच्या मुलीमुळे आमच्या मुलीला उवा झाल्या. ती चिडली नाही. म्हणाली, "हायेत ना. आमी लपवलं नाय. रोज काढते, पन शालेतून परत आनते." आणि शकूच्या पाठीत हलकी चापट मारून म्हणाली, "तुला सांगितला हुता ना, कुनाच्या डोक्याला डोका लावू नको म्हून?"

शकू मान न वळवता म्हणाली, "मी नाय लावला. तीच लावते. तीच बोलली मला, तुज्या उवा मला दे."

तिची आई हसली. मला काही हसू आलं नाही. मी काय विचारायला आले होते तेच विसरले आणि परत फिरले.

त्या संध्याकाळी मी जमिनीवर पांढरी चादर अंथरली, इराला बसवलं आणि विंचरता विंचरता विचारलं. वाटलं होतं नाही म्हणेल. ती लगेच म्हणाली, हो, मीच मागितल्या. मधल्या सुट्टीत दोघी डोक्याला डोकं लावून बसायच्या. का, म्हणून विचारलं.

"मग आता बाबा ओरडणार ना?" ती म्हणाली.

"का ओरडतील?"

"मावशीआईला ओरडले होते तसे. आणि मग पिशवी भरायची." मी समजले नाही असं पाहून तिने मला समजावून सांगितलं, पाढा म्हणून दाखवावा तसं. "उवा झाल्या की घर बदलतं ना. तिकडे झाल्या तेव्हा इकडे आणलं. आता इकडे झाल्या."

मी फणी चादरीवर झटकली. ती पुढे म्हणाली, "पण कोणी बघतच नव्हतं."

ताई, मे महिन्यातल्या त्या दिवसाविषयी लिहिणार नाही म्हटलं होतं, पण आता लिहायला हवं. तुम्ही ओट्यावर पांढरा पंचा पसरून तिचं डोकं बघत होतात. आम्ही न कळवता आलो होतो. ती तुमच्या गुडघ्यांत डोकं घालून म्हणाली, "मावशीआई, हळू." ते दिनानाथने ऐकलं. त्याला राग आला तो त्या हाकेचा. आपल्या बायकोला जाऊन जेमतेम दोन वर्षं होतात तोच तिच्या मुलीने दुसरीला आई म्हणावं, हे त्याला सहन झालं नाही आणि बोलताही आलं नाही. समोर उवा दिसल्या. मग तो म्हणाला, "पोरीचं डोकं भरेपर्यंत लक्ष गेलं नाही, आणि आई म्हणवून घेता?" तुम्ही फणी खाली ठेवलीत. आत जाऊन पिशवी भरून आणून दिलीत. तेव्हा इरा तिथेच होती, अर्धं डोकं विंचरलेलं. तिने जे पाहिलं त्यावरून तिने नियम काढला. त्यात तिची चूक कुठे आहे?

दिनानाथ घरीच होता. रात्रपाळीला निघायच्या आधी दारात उभा राहून चहा पीत होता. त्याने सगळं ऐकलं. कप ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारलं, "कधीपासून होत्या?" मी म्हटलं, जुलैपासून असाव्यात. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, "आणि आपल्या दोघांना दिसल्या नाहीत."

तुम्ही एकदा या. मी बोलावते आहे असं समजा, तो बोलावतो आहे असं समजा, हवं ते समजा.

पद्मजा


पनवेल, २९ सप्टेंबर १९९१

सत्यवतीताई,

तुमचं कार्ड मिळालं. 'एकदा हातातून मूल गेलं. यायला मी येईन, पण परत निघताना पुन्हा तेच होणार. दुसऱ्यांदा द्यायची ताकद माझ्यात नाही. मला बोलावू नका.' यावर मी काय लिहू? तुमचं बरोबर आहे. मी कोणाला तरी सांगायचं म्हणून ते दिनानाथला दाखवलं, म्हणजे आता आपला पत्रव्यवहार त्याला माहीत आहे. त्याने कार्ड वाचून माझ्या हातात परत दिलं. जेवताना बोलला मात्र. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला.

डोक्याचं सांगते. औषध एकदा लावून भागत नाही हे आता शिकले. उवा मरतात, लिखा राहतात, आठवड्याने त्या फुटतात आणि पुन्हा सुरू. म्हणून रोज ओल्या केसांत फणी घालते, बटा वेगळ्या करून. एक बट झाली की पिन, मग दुसरी. आता मला मानेवरून हात फिरवला तरी कळतं. शेजारच्या वहिनींच्या मुलीने परवा नुसती मान वाकडी करून कानामागे खाजवलं, तर मी तिला जवळ बोलावून पाहिलं. होत्या. वहिनींचा चेहरा माझ्यासारखाच झाला, त्याही तेच म्हणाल्या, आमच्या घरात असं काही नसतं.

दिनानाथही बघतो. सुट्टीच्या दिवशी चष्मा लावून गच्चीत बसतो, इरा समोर. त्याची बोटं कारखान्यातल्या व्हॉल्व्हना सरावलेली, केस हातात राहत नाहीत. तिला ओढ बसते पण ती बोलत नाही. मी एकदा म्हटलं, दे इकडे मी करते, तर त्याने मान हलवली. दोघं एकमेकांशी काही बोलत नाहीत, पण तासभर बसतात. मी लांबून बघते.

तिला मी समजावलं की उवा सगळ्यांना होतात, राजाच्या मुलीलाही होतील, त्याने घर बदलत नाही. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग कशाने बदलतं?"

मी गॅस बंद करायला उठले. गॅस बंदच होता.

पद्मजा


पनवेल, १६ नोव्हेंबर १९९१

सत्यवतीताई,

तुम्ही आलात. भाऊबीज झाल्यावर, न कळवता, तुमच्या यजमानांना, प्रभाकररावांना, बरोबर घेऊन. बोलावू नका असं लिहिलेल्या बाईला दारात उभं पाहून मी इतकी गडबडले की मी तुम्हाला नीट बसाही म्हटलं नाही. ते इराने म्हटलं.

त्याविषयीच लिहायचं आहे. तुम्ही घाईने निघालात, उरणची गाडी चुकेल म्हणालात, गाडीला पुष्कळ वेळ होता हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत होतं. तुमचा चेहरा मी पाहिला होता. तुम्ही हात पुढे केलेत, आणि ती आत जाऊन पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आली. "या, बसा," म्हणाली. "प्रवासात त्रास नाही ना झाला?" तुम्हाला अहोजाहो. चकलीची बशी तुमच्यासमोर ठेवून दिनानाथच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. मी तिला हे शिकवलेलं नाही. माझ्याकडे पाहुणे येतच नाहीत. दिनानाथला वाटलं, ती तुम्हाला विसरली. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते समाधान नव्हतं, हे तुम्ही माझं खरं मानावं. तुम्हालाही तेच वाटलं असणार. म्हणून सांगते.

तुम्ही गेल्यावर ती जेवली, अभ्यासाला बसली. मी म्हटलं, बरं झालं, रडली नाही. मग ती फणी आणि चादर घेऊन माझ्याकडे आली. हल्ली फणी रोज करत नाही, आणि तो फणीचा दिवस नव्हता. चादर तिनेच अंथरली, माझ्या पुढ्यात पाठ करून बसली आणि म्हणाली, "आत्या, डोकं बघ. परत झाल्यात."

मी सगळ्या बटा सोडवून पाहिल्या. मानेवर, कानामागे, टाळूवर. तिचं डोकं आरशासारखं आहे, ताई. महिनाभर एक लीखही सापडलेली नाही. मी म्हटलं, "काही नाही गं. एकदम स्वच्छ."

"नीट बघ," ती म्हणाली.

मी पुन्हा बघितलं. खरोखर नव्हतं काही. तेव्हा ती रडायला लागली, आवाज न करता, मान तशीच खाली घालून. मला कळेना की फणी ठेवावी की चालू ठेवावी. मी विंचरत राहिले. वाटलं, एक तरी सापडावी. मी, जिने तीन महिने या मुलीच्या डोक्याशी झगडा केला, ती मनातल्या मनात एक ऊ मागत होते.

दिनानाथ बाहेरच्या खोलीत होता. तो आत आला नाही. पण दिवाही घालवला नाही.

तुम्ही परक्या झाला नाहीत. तिला वाटलं, उवा नाहीत, म्हणजे तुम्ही न्यायला आलेल्या नाही, नुसत्या पाहुण्या म्हणून आला आहात. मग पाहुण्यांशी वागावं तसं ती वागली.

पद्मजा


पनवेल, ७ जून १९९२

सत्यवतीताई,

इरा सुखरूप पोचल्याचं दिनानाथने सांगितलं. शाळेची पिशवी इथेच राहिली, ती येत्या रविवारी तो घेऊन येईल.

एप्रिलमध्ये तो एकटा उरणला आला होता. तेव्हा तुमच्यात काय बोलणं झालं हे मी त्याला विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला की जूनपासून ती तिकडे राहील, सुट्टीच्या दिवशी आपण जायचं, आणि आता मागे आणायचं नाही, तसा शब्द दिला आहे. मी विचारलं, इराला विचारलंस का? तेव्हा त्याने तिला हाक मारली. असं मोठ्या माणसासारखं समोर बसवून विचारताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

ती गोंधळली. म्हणाली, "पण माझ्या डोक्यात तर काही नाही."

"नसलं तरी जाता येतं," तो म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं, खरं का म्हणून. मी हो म्हटलं. चांगला निर्णय आहे असं मी सगळ्यांना सांगते, आणि तो आहेच. तुमच्या ओट्यावरचा शब्द परत घेता येत नव्हता, म्हणून त्याने मुलगी परत दिली. त्याच्याकडे देण्यासारखं दुसरं काय होतं.

माझं म्हणाल तर मी इथेच आहे. ठाण्याला परत बदली मागावी का असा विचार केला, पण दिनानाथला पाळीवरून आल्यावर गरम जेवण कोण देणार. घरात शांतता आहे. सकाळी वेळ फार उरतो. गेल्या वर्षी याच दिवसांत मला सरळ भांग पाडता येत नव्हता, आणि आता येतो तर ज्या डोक्यावर पाडायचा ते तिकडे आहे. बँकेत काउंटरपलीकडे एखादी बाई मुलीला घेऊन उभी असली की मी आधी मुलीच्या मानेकडे बघते. परवा एकीला सांगितलं, घरी गेल्यावर कानामागे बघा. तिला राग आला.

जून आहे, शाळा सुरू होतील. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही माझ्या आधीपासून तिचं डोकं बघत होतात. तरी लिहिते. वर्गात नव्या मुली येतील, तिला त्या होणारच, सगळ्यांना होतात. रात्री उशीवर डोकं घासायला लागली, उगाच चिडायला लागली, मानेवर लाल दिसलं की लगेच बघा. खाज नाही म्हणाली तरी बघा. आणि ती आपण होऊन पाठ करून पुढ्यात बसली, तर हातातलं असेल ते ठेवा.

सापडल्या तर आम्हाला कळवायची गरज नाही, काढून टाका. पण ती तुम्हाला विचारेल. लगेच नाही विचारणार, फणी चालू असताना, तुमच्याकडे न बघता विचारेल, "मावशीआई, आता कुठे जायचं?"

तेव्हा विंचरायचं थांबवू नका. नुसतं म्हणा, "कुठे नाही."

पद्मजा